उरलेल्या चारशे माणसांचं काय केलंत?

दुकानाच्या दारावर, आतल्या बाजूने, साबणाच्या वडीएवढी एक पांढरी डबी बसवलेली होती. तिच्यात एक बारीक लाल दिवा लुकलुकायचा. कंपनीचा माणूस ती बसवून गेला तेव्हा ताईंना मॅनेजर होऊन जेमतेम चार दिवस झाले होते. त्या गडबडीत डबी कसली हे विचारायचं राहूनच गेलं. धूर झाला की वाजत असेल, असं त्या आपल्या धरून चालल्या. दर शनिवारी स्टुलावर चढून ती ओल्या फडक्याने स्वच्छ पुसायच्या, एवढाच काय तो त्यांचा तिच्याशी संबंध.

दुकान चष्म्यांचं. एका कंपनीच्या साठ-सत्तर शाखांपैकी सगळ्यांत लहान शाखा ही. पुढे फ्रेमांच्या मांडण्या आणि चार आरसे, मागे डोळे तपासायची अंधारी खोली, आणि दाराजवळच्या खिडकीपाशी आबांचं टेबल. माणसंही मोजून तीन. डोळे तपासणारी मुलगी शिकलेली, हुशार. ती डॉक्टर नव्हती, पण सगळा रस्ता तिला डॉक्टरीण म्हणायचा आणि तिनेही दुरुस्त्या करायचं सोडून दिलं होतं. दुसरे आबा. एकतीस वर्षं त्याच टेबलावर बसून ते चष्मे जुळवत होते. आणि तिसऱ्या ताई. एकोणीस वर्षांपूर्वी त्या इथे काचा पुसायला म्हणून आल्या, मग बिलं करायला लागल्या, मग फ्रेमा दाखवायला लागल्या आणि आता मॅनेजर. छातीवर तसा बिल्ला होता. खोटं कशाला सांगा, घरी गेल्यावरही तासभर त्या तो बिल्ला काढायच्या नाहीत. भाजी चिरताना नवरा म्हणायचा, "मॅनेजरसाहेब, मीठ जरा बेतानं हं."

अशा सुखात असताना एका सोमवारी मुख्य कचेरीची मेल आली. ताईंनी ती एकदा मनात वाचली, मग मोठ्याने वाचली आणि मटकन खुर्चीत बसल्या.

"आपल्या शाखेचा फुटफॉल अत्यंत कमी आहे. तीन महिन्यांत सुधारणा न झाल्यास शाखा चालू ठेवण्याबाबत फेरविचार केला जाईल."

"फेरविचार म्हणजे काय ते मला कळतं," आबा म्हणाले. "फेरविचार म्हणजे कुलूप. पण हे दुसरं काय?"

"फुटफॉल," डॉक्टरीण म्हणाली. "दिवसभरात किती माणसं दुकानात पाऊल टाकतात, तो आकडा. मॉलमध्ये, मोठ्या दुकानांत सगळीकडे मोजतात. ती डबी आहे ना दारावर, ती मोजते."

ताईंनी वर पाहिलं. दिवा लुकलुकला. तीन महिने जिला अंगाखांद्यावरच्या लेकरासारखं पुसलं, ती मेली चहाडखोर निघाली!

आबांच्या चेहऱ्यावर मात्र भलतंच तेज आलं होतं. "थांबा थांबा. आत येईल त्याला मोजते? घेतलं नाही, तरी?"

"घेतलं नाही, तरी."

"म्हणजे माझा स्क्रूवालासुद्धा?"

"तोसुद्धा."

आता हे नीट समजून घ्या, कारण आबांचा जीव इथे अडकलेला होता. चष्म्याचा स्क्रू ढिला होतो, काडी वाकडी होते, नाकावरची रबरी चकती गळून पडते. ही कामं दोन मिनिटांची, आणि आबा त्यांचे कुणाकडूनच काही घेत नसत. कंपनीचाच जुना नियम तो, दुरुस्ती फुकट. दिवसाला वीस-तीस माणसं त्या टेबलापाशी यायची, हुश्श करून नाकावर चष्मा चढवायची आणि जायची. या कामाचा एकतीस वर्षांत कुठे बिलावर, वहीवर, अहवालावर एक शब्द नव्हता. मागचे एक मॅनेजर तर त्यांना तोंडावर म्हणायचे, "आबा, तुम्ही दिवसभर करता तरी काय हो?" आबा हसायचे. पण हसून झाल्यावर बराच वेळ ते मान खाली घालून एकच काच पुसत राहायचे, हे ताईंनी पाहिलं होतं.

"मोजतंय की मग कुणीतरी," आबा डबीकडे बघून म्हणाले. "बरं झालं बाई."

ताईंना मात्र संध्याकाळी घास जाईना. सासूबाईंनी दोनदा ताटाकडे पाहिलं, तिसऱ्यांदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "काय झालंय ते सांग, नाहीतर जेव. दोन्हीपैकी एक काहीतरी कर."

ताईंनी सगळं सांगितलं. सासूबाईंनी मोबाइल मागून घेतला, हात लांब ताणून, मान मागे टाकून मेल वाचल्यासारखं केलं आणि परत दिला. त्यांचे डोळे कधीच अधू झाले होते, पण चष्म्याच्या दुकानात सून मॅनेजर असूनही त्या चष्मा लावायला तयार नव्हत्या. "मला सगळं स्वच्छ दिसतं, अक्षरंच हल्ली बारीक छापतात," असं त्यांचं म्हणणं.

"आणखी माणसं हवीत ना?" त्या म्हणाल्या.

"हो, आई."

"दुकानात नुसती यायला हवीत?"

"मेलमध्ये तरी तेवढंच लिहिलंय."

"मग रडतेस कशाला, अगं? माणसंच आणायची ना? सोनं थोडंच आणायचंय!"

दुसऱ्या दिवशी दुकान उघडून दहा मिनिटं झाली नाहीत, तोच सासूबाईंची सकाळच्या फेरीची मंडळी दारात हजर. अकरा बायका, पायात कॅनव्हासचे बूट, कपाळावर घाम. एकेक करून आत आल्या, आरशासमोरून एक वळसा घालून बाहेर गेल्या आणि पुन्हा आत आल्या. सासूबाई दाराशी उभ्या राहून हाकत होत्या. "घोळक्यानं नको गं, एकेकीनं! दोघी चिकटून गेल्या तर एकच मोजेल ते मेलं!"

"आई, हे बरोबर आहे का?" ताईंनी कानाशी लागून विचारलं.

"पाऊल टाकलं ना? मग झालं तर."

सासूबाई कुठलंही काम अर्धवट करणाऱ्यांतल्या नव्हत्या. दोन दिवसांत शेजारचा बेकरीवाला भट्टी लावून झाली की चार फेऱ्या मारून जाऊ लागला. वरच्या मजल्यावर गाडी शिकवायचा क्लास होता, तिथली पोरं आपला नंबर येईपर्यंत इथेच येऊन थांबू लागली. टपाल टाकणारा आधी दारातूनच कागद भिरकावून जायचा, तो आता आत येऊन काउंटरवर ठेवायचा, बाहेर जायचा आणि "पेन राहिलं" म्हणून परत यायचा. पेन त्याच्या कानावरच असायचं.

आणि काय सांगू, दुकानाला अशी काही शोभा आली! आजवर लोक तिथे दवाखान्यात आल्यासारखे दबून बोलायचे. आता अकरा बायका चार आरशांसमोर दाटीवाटीने उभ्या राहून एकमेकींना फ्रेमा चढवत होत्या. "ही घाल, ही. अगदी हेडमास्तरीण दिसतेस!" "आणि तू? तू तर बँकेत दरोडा घालून आल्यासारखी!" बेकरीवाल्याने एकदा मांजरीच्या डोळ्यांसारखी जांभळी फ्रेम चढवून आरशात पाहिलं आणि स्वतःच इतका हसला, की अंगावरचं पीठ सगळ्या मांडणीवर उडालं. डॉक्टरीण पोट धरून भिंतीला टेकली. ताई हातात फडकं घेऊन ते पीठ पुसत होत्या, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना वाटलं, की संध्याकाळ इतक्या लवकर व्हायला नको होती.

मनात एक खुपत होतं, नाही असं नाही. ही सगळी खोटी गर्दी, हे त्यांना कळत होतं. पण रोज रात्री आकडा वर चढलेला दिसायचा आणि त्या स्वतःचीच समजूत घालायच्या. आधी दिवसाला चाळीस माणसं यायची, महिनाअखेरीला सरासरी चारशे बारा झाली.

मग दुसरी मेल आली.

पहिलं वाक्य वाचून ताईंनी टाळीच वाजवली. "आपल्या शाखेचा फुटफॉल कंपनीत पहिल्या क्रमांकावर आहे. अभिनंदन." आबा उठून उभे राहिले. डॉक्टरीण मात्र ताईंच्या खांद्यावरून पुढचं वाचत होती, आणि तिचा चेहरा उतरत चालला होता.

"ताई, खाली वाचा."

"परंतु," ताई वाचू लागल्या, "दररोज सरासरी चारशे बारा व्यक्ती येऊन केवळ बारा व्यक्ती खरेदी करतात. हे प्रमाण सर्व शाखांत नीचांकी आहे. आलेल्या माणसाला सेवा देण्यात ही शाखा अपयशी ठरत असल्याचे दिसते. उरलेल्या चारशे माणसांचं काय केलंत, याचा लेखी खुलासा करावा. विभागीय अधिकारी पंधरा दिवसांत भेट देतील."

मांडणीवर एका जागी पीठ राहिलं होतं, आबांनी ते बोटाने टिपलं.

"असं कसं?" ताई म्हणाल्या. "माणसं कमी म्हणून ओरडले. माणसं आणली, तर आता जास्त म्हणून ओरडतात?"

"फुटफॉल नुसता बघत नाहीत, ताई," डॉक्टरीण हळूच म्हणाली. "त्यानं भागतात. आलेल्यांपैकी घेणारे किती, ते काढतात. म्हणजे दारातून जेवढी माणसं जास्त, तेवढी आपल्याकडून विक्रीही जास्त व्हायला पाहिजे. चाळीसमध्ये नऊ घ्यायचे, ते ठीक होतं. चारशे बारामध्ये बारा म्हणजे..." तीही त्या अकरा बायकांबरोबर हसली होती ना! "मला तेव्हाच सुचायला हवं होतं. आपण सगळेच वाहवत गेलो."

ताई त्या दिवशी घरी आल्या त्या बिल्ला पर्समध्ये टाकूनच. सासूबाईंना कळायला तेवढं पुरेसं होतं. आपल्यामुळे सुनेची नोकरी जायची वेळ आली, हे त्यांच्या मनाला फार लागलं. त्या रात्री त्यांनी सुनेचे पाय चेपायला घेतले, तेव्हा ताईंनाच रडू फुटलं. "आई, असं काय करता! चूक माझी आहे. मॅनेजर मी आहे."

"मॅनेजर तू आहेस," सासूबाई डोळे पुसून म्हणाल्या, "पण दार माझं होतं. आता मीच बघते."

झालं! सकाळी त्या घरची खुर्ची घेऊन दुकानाबाहेर, बरोबर उंबऱ्याशी, ठाण मांडून बसल्या. येईल त्याला अडवायच्या. "घ्यायचंय का काही? नाही? मग आत नाही जायचं. आकडा बिघडतो." फेरीच्या बायकांना त्यांनी रस्त्याच्या पलीकडूनच हाताने परतवलं. बेकरीवाला सवयीने पाऊल टाकायला गेला, तर त्याच्या सदऱ्याला धरून मागे ओढला.

ही झाली खोट्या माणसांची व्यवस्था. पण खऱ्यांचं काय? स्क्रूवाले तर काहीच घेत नाहीत. तेव्हा आबांचं टेबल उचलून बाहेर छपराखाली आलं आणि त्याच्यासमोर एक बाकडं पडलं. आबांनी हू की चू केलं नाही. चिमटा, पेचकस, चकत्यांची डबी असं सगळं पुन्हा नीट मांडलं. पण एकतीस वर्षांत पहिल्यांदाच ते दुकानाच्या बाहेर बसले होते. दारावरच्या डबीकडे त्यांनी एकदा मान वर करून पाहिलं आणि नजर खाली वळवली.

पुढे तर सासूबाईंची अक्कल आणखी धावली. घेणाऱ्यालाही आत कशाला पाठवायचं? डॉक्टरिणीने फ्रेमांचे ट्रे बाहेर आणावेत, आरसा खिडकीत टेकवावा, गिऱ्हाइकाने बाकड्यावर बसून निवड करावी, ताईंनी खिडकीतून हात बाहेर काढून बिल द्यावं. आत जायचं ते फक्त डोळे तपासायला. तेही सासूबाई विचारून घ्यायच्या, "नंबर जुनाच चालेल का बघा ना."

शुक्रवारी मुख्य कचेरीतून फोन आला.

"तुमचं मशीन बिघडलंय का?"

"नाही साहेब, उत्तम चाललंय," ताई म्हणाल्या.

"काल तुमच्या शाखेत सहा माणसं आली."

"हो साहेब."

"आणि चौदा जणांनी चष्मे घेतले?"

ताईंनी खिडकीबाहेर पाहिलं. सासूबाई एका शाळामास्तरांना आरसा धरून दाखवत होत्या. "हो साहेब," त्या म्हणाल्या.

पलीकडे कुणीतरी 'सहा... चौदा...' असं पुटपुटलं. मग फोन बंद झाला.

सोमवारी सकाळी गर्दी होती. बाकड्यावर सात माणसं बसली होती, ताई खिडकीशी बिल करत होत्या. तेवढ्यात चाळिशीच्या एक बाई आल्या आणि सरळ आत शिरायला लागल्या. साध्या सुती कपड्यांतली बाई, खांद्याला पिशवी, नाकावर सोनेरी काड्यांचा चष्मा, जरासा डावीकडे कललेला.

"अहो, अहो! घ्यायचंय का काही?" सासूबाईंनी हात आडवा घातला.

"नाही. मी फक्त बघायला आलेय."

"मग इथं बसा. बघायला येणाऱ्यांची सोय बाहेर आहे."

"बाहेर? का बरं?"

सासूबाईंना ऐकणारं माणूस मिळालं की त्यांना देव भेटल्यासारखं व्हायचं. त्यांनी बाईंना आपल्या शेजारी बाकड्यावर बसवलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. "त्याचं असं आहे, दारावर ती डबी दिसतेय ना, ती माणसं मोजते. त्याला फुटफॉल म्हणतात. मोठा लबाड आकडा आहे बरं का तो! कमी झाला तरी नोकरी जाते आणि जास्त झाला तरी जाते. आधी आम्ही चारशे माणसं आणली. मी एकटी एका दिवसात साठ वेळा आत गेले, गुडघे दुखले माझे! मग कळलं, त्या आकड्यानं भागायचं असतं. आता आम्ही कुणालाच आत सोडत नाही. कशी आहे युक्ती?"

"फारच चांगली," बाई म्हणाल्या. त्यांचा ओठ थरथरत होता, हसू दाबल्यासारखा. "कुणाची?"

"माझीच! माझी सून मॅनेजर आहे इथली. बिचारी सरळ आहे हो. तिला असलं काही सुचत नाही."

ताईंना आतून बोलणं ऐकू येत नव्हतं. त्यांना दिसली ती बाईंच्या मांडीवरची पिशवी. तिच्यावर कंपनीचा शिक्का होता. तो पाहिला आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. बिल तसंच टाकून त्या धावत बाहेर आल्या.

"मॅडम, मी... या ना आत!"

"आत कसं येऊ? आकडा बिघडेल," बाई म्हणाल्या.

सासूबाईंनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा पिशवीकडे पाहिलं आणि पदराने तोंड झाकून घेतलं.

ताईंना क्षणभर वाटलं, काहीतरी थाप मारावी. मशीनचं, रंगकामाचं, कशाचंही नाव सांगावं. पण बाकड्यावर शहाणी-सुरती सात माणसं बसलेली, पलीकडे आबा टेबलावर मान घालून बसलेले, आणि त्यांनी मनाशी म्हटलं, आता पुरे.

"मॅडम, माझ्या सासूबाईंना काही बोलू नका. दोन्ही चुका माझ्या. महिनाभर मी खोटी माणसं आत घेतली आणि गेले आठ दिवस खरी माणसं बाहेर बसवली. पहिल्या चुकीबद्दल तुम्ही काय म्हणाल ते मी ऐकून घेईन. पण दुसरीची मला जास्त लाज वाटतेय."

"ही सात माणसं काय घ्यायला आलीत?"

"काही नाही. स्क्रू बसवून घ्यायला."

बाई उठल्या आणि बाकड्यावरच्या पहिल्या माणसाला म्हणाल्या, "हा चष्मा कुठून घेतलात?"

"इथूनच. चार वर्षं झाली."

"आणि आधीचा?"

"तोही इथूनच. बायकोचाही इथलाच. आबा आहेत ना इथे."

दुसऱ्या बाईंना विचारलं, त्यांचाही इथलाच. तिसऱ्याचा, चौथ्याचा, सगळ्यांचे इथलेच. सातवा म्हातारा तेवढा म्हणाला, "माझा दुसऱ्या दुकानातला आहे. पण तिथं काडी सरळ करून देत नाहीत, म्हणून पुढचा इथं करणार आहे." आबांनी मान वर केली नाही, पण त्यांचा पेचकस फिरायचा थांबला होता.

"तुमच्या कचेरीनं मला विचारलंय, उरलेल्या माणसांचं काय केलंत म्हणून," ताई म्हणाल्या. "त्यातली साडेतीनशेच्या वर खोटी होती, कबूल आहे. पण खरी आलेली माणसं रिकाम्या हातानं कधीच गेली नाहीत, मॅडम. आबांनी त्यांचे चष्मे नीट केले. ते कुठं लिहायची सोयच नाही. बिल नाही म्हणजे काम झालंच नाही, असं तुमचं मशीन धरतं. आम्हाला फक्त त्याचं बिल करू द्या. शून्याचं बिल. काम लिहायचं आणि रक्कम शून्य."

कललेला चष्मा बोटाने वर सारून बाई दुकानाच्या पाटीकडे बघत राहिल्या. डॉक्टरीण दारात येऊन उभी राहिली होती. "होतं तसं," ती चाचरत म्हणाली. "वॉरंटीत काच बदलली की आपण शून्याचंच बिल करतो. सिस्टीम घेते."

"घेते, ते मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "विक्रीत ते धरणार नाहीत. वेगळ्या रकान्यात दिसेल." मग त्यांनी जरा विचार केला. "पण दिसेल तरी. आलेल्या माणसाचं काय केलं, एवढंच तर कचेरीला कळत नव्हतं."

त्या ताईंकडे वळल्या. आता त्यांचं हसू पार गेलं होतं. "पुन्हा असा पोरखेळ केलात, तर मी स्वतः कुलूप लावायला येईन. टेबल आत घ्या. लोकांना दारातून येऊ द्या. खरा आकडा कितीही लहान असू दे, तो खरा पाठवा. शाखा बंद करायची शिफारस मी करणार नाही. आणि हो," त्यांनी चष्मा काढून आबांपुढे धरला, "तीन महिने झाले, ही काडी ढिली आहे. दोन ठिकाणी विचारलं, नवीन फ्रेम घ्या म्हणाले."

टेबल आत न्यायला बाकड्यावरची सातही माणसं उठली. कुणी पाय धरले, कुणी डब्या उचलल्या, आणि आबा आपल्या जुन्या खिडकीपाशी येऊन बसले. त्यांनी चष्मा उलटा धरला, स्क्रू बदलला, काडी दिव्यावर किंचित तापवून वळवली आणि बाईंच्या नाकावर स्वतःच्या हाताने बसवून दोन्ही कानांमागून बोट फिरवून पाहिलं. दोन मिनिटंही लागली नाहीत.

ताई संगणकाशी बसल्या. स्क्रू, एक. काडी सरळ केली. रक्कम शून्य. खाली एक रिकामी चौकट आली, 'सेवा देणारा'. वॉरंटीच्या बिलात तिथे नेहमी मॅनेजरचं नाव जायचं. ताईंनी तिथे लिहिलं, 'आबा'.

एक प्रत बाईंनी घेतली. दुसरी ताईंनी आबांसमोर ठेवली.

आबांनी ती जवळ घेतली, लांब धरली, पुन्हा जवळ घेतली. एकतीस वर्षं जगाला नीट दिसावं म्हणून बसलेला तो माणूस, त्याला समोरची चार अक्षरं दिसेनात. चष्मा काढून त्यांनी काचा पुसल्या. चूक काचांची नव्हती, हे तिथे सगळ्यांना कळत होतं. मग कागदाची नीट चार पदरी घडी करून त्यांनी ती वरच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "पुढचं कोण आहे? या, बसा."

महिन्याने मेल आली. या वेळी तिघांनी ती एकत्र, शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली. दिवसाला सरासरी एकसष्ट माणसं. सतरा जणांची खरेदी. अडतीस शून्याची बिलं, सगळ्यांवर एकच नाव. शाखा चालू राहील. शिवाय ही शून्याच्या बिलाची पद्धत आता सगळ्या शाखांत सुरू करत आहोत. आणि तळाशी एक ओळ, बहुधा त्याच बाईंनी घातलेली. "उरलेल्या सहा माणसांचं काय केलंत?"

ताई खदखदून हसल्या. ती सहा माणसं कोण, हे साऱ्या रस्त्याला ठाऊक होतं. आत्ताही ती दारातून आत येत होती, हातात सुनेचा डबा घेऊन, त्या दिवसात तिसऱ्यांदा.

"आई, तुमच्यामुळे आमचा हिशोब जुळत नाही," ताई म्हणाल्या. "आज डोळे तपासूनच जा. चष्मा करून टाकू."

"आणि चष्मा झाल्यावर मग मी रोज यायचं तरी कशाला?" सासूबाईंनी डबा काउंटरवर आपटला.

"असं काय करता?" आबा खिडकीतून म्हणाले. "स्क्रू ढिला होतो की!"

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. मग डॉक्टरिणीचा हात धरून त्या अंधाऱ्या खोलीकडे निघाल्या. जाता जाता मागे वळून बजावलं, "ती बँकेत दरोडा घालायची फ्रेम बाजूला काढून ठेव गं. मला तीच हवी."